घर दिसतं, जमीन दिसत नाही

मे महिन्यात आमचा अकरा महिन्यांचा करार संपला. आम्ही तिघी मुली चेंबूरला एका वन बीएचकेत राहत होतो. ओनर काकूंनी भाडं चार हजारांनी वाढवलं आणि आम्ही पुन्हा ब्रोकरांच्या व्हॉट्सअॅपवर आलो. ‘बॅचलर नको’, ‘नॉनव्हेज चालणार नाही’, ‘आडनाव काय?’ हे सगळं पुन्हा सुरू झालं. त्याच आठवड्यात लालबागहून मामाचा फोन आला. चाळीच्या रिडेव्हलपमेंटचा करार त्याच्या हातात पडला होता. बेचाळीस पानं, सगळी इंग्रजीत. म्हणाला, “तू वाचून सांग गो. माका त्यातला काय कळणा नाय.”

त्या रात्री फोनवर एका बाजूला ब्रोकरने पाठवलेले खोल्यांचे फोटो होते, दुसऱ्या बाजूला मामाने पाठवलेले कराराच्या पानांचे. दोन्हींचा कंटाळा आला म्हणून मी ‘घरौंदा’ लावला. मग पुढचा महिनाभर मी घरांच्याच गोष्टी बघत आणि वाचत राहिले. काही पूर्वी बघितलेल्या, काही नुसत्या ऐकलेल्या. प्रत्येक वेळी मी एकच प्रश्न घेऊन बसत होते: या शहरात राबणाऱ्या माणसाला घर का मिळत नाही, याचं ही गोष्ट काय उत्तर देते?

कलाकृतीला असा प्रश्न विचारणं अन्यायाचं आहे, हे मला मान्य आहे. सिनेमा म्हणजे नगररचनेचा अहवाल नव्हे. पण मुंबईतल्या घरांबद्दल आपल्याला जे ‘माहीत’ आहे, ते अहवालांतून आलेलं नाही. ते अशाच गोष्टींतून आलंय. म्हणून त्या गोष्टी काय दाखवतात आणि काय दाखवायचं राहून जातं, हे एकदा नीट बघायला हवं.

जागा नाही, पण माणसं चांगली

सुरुवात ‘मुंबईचा जावई’पासून करते. राजा ठाकूर यांचा १९७० चा चित्रपट, वपु काळे यांच्या कथेवर. दोनच वर्षांनी बासू चटर्जींनी त्यावर ‘पिया का घर’ केला. मोठ्या घरात वाढलेली मुलगी लग्न होऊन मुंबईच्या चाळीत येते. माणसं भरपूर, खोल्या मोजक्या, नव्या जोडप्याला स्वयंपाकघराचा आडोसा. रात्री कोणी ना कोणी पाणी प्यायला येतंच. आपण हसतो, मग थोडे गप्प होतो.

वपु पेशाने वास्तुविशारद होते. दहा बाय बाराच्या खोलीत माणसाचं काय होतं हे त्यांना दोन्ही बाजूंनी माहीत असणार. संकोचाचे तपशील म्हणूनच इतके अचूक आहेत: कडी लावली तर लोक काय म्हणतील, नाही लावली तर कोण येईल. घरटंचाई म्हणजे फक्त डोक्यावर छप्पर नसणं नव्हे, एकांत नसणं हीसुद्धा टंचाईच, हे इतक्या सोप्या भाषेत सांगणारं तेव्हा फार कोणी नव्हतं.

पण शेवट बघा. सून माहेरी परत जात नाही, कारण घरातली माणसं प्रेमळ आहेत. जागेचा प्रश्न मायेने सोडवला जातो. पडदा पडतो तेव्हा खोली तेवढीच असते, फक्त तक्रार संपलेली असते. लहानपणी हा शेवट मला फार आवडायचा. आता मामीकडे बघताना तो आवडत नाही. मामीने एकोणतीस वर्षं एकशे ऐंशी चौरस फुटांत सहा माणसांचा संसार केला. ती प्रेमळ आहेच. पण रात्री दीडला उठून मोरीपाशी कपडे बदलणारी बाई बघितली की ‘माणसं चांगली असली की जागा पुरते’ हे वाक्य घशाखाली उतरत नाही.

या गोष्टींनी चाळीला एक कायमचं विशेषण मिळवून दिलं: आपुलकीची. पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ ची. तिच्यातली माणसं आपण एवढी लाडकी करून ठेवली की चाळ म्हटलं की गणपती, सामायिक गॅलरी आणि शेजारून आलेली वाटीभर आमटी, एवढंच आठवतं. चाळी का बांधल्या गेल्या, आणि मग बांधायच्या का थांबल्या, हे कोणी विचारत नाही.

खरं तर हीच मोठी गोष्ट आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि दाटीवाटीची वस्ती श्रीमंतांनाही परवडणार नाही हे सरकारच्या लक्षात आलं. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्यांच्या. त्या कोंदट होत्या, त्यांच्यामागे परकीय सरकारचा स्वार्थ होता, सगळं खरं. तरी त्या कामगाराला भाड्याने देण्यासाठी बांधल्या होत्या. शहरात काम करायला येणाऱ्याला शहरात राहायला जागा लागते, ही साधी गोष्ट तेव्हा मान्य होती.

मग दुसरं महायुद्ध आणि फाळणी. माणसांचे लोंढे आले आणि १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली गेली. त्या वेळी ते योग्यच होतं, नाहीतर हजारो कुटुंबं रस्त्यावर आली असती. पण तात्पुरता उपाय पन्नास वर्षं चालला. महागाई वाढत गेली, भाडं जागचं हललं नाही. मालकाने दुरुस्ती सोडली, नव्या भाड्याच्या चाळी बांधण्यात कोणाला रस उरला नाही, आणि व्यवहार पागडीच्या रूपाने टेबलाखालून सुरू झाला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवणं आता न्याय्य राहिलेलं नाही असं म्हटलं, १९९९ मध्ये नवा कायदा आला. तोवर दक्षिण मुंबईत सेस भरणाऱ्या एकोणीस हजारांहून जास्त जुन्या इमारतींचा प्रश्न साचून बसला होता. मामाची चाळ त्यातलीच. भाडं महिना दोनशे चाळीस रुपये आणि जिन्याला बांबूंचे टेकू.

म्हणजे चाळीत जो भाडेकरू वाचला तोही अडकला, आणि जो नंतर आला त्याच्यासाठी भाड्याचं घर कोणी बांधलंच नाही. माझा अकरा महिन्यांचा करार हे त्याच गोष्टीचं शेपूट आहे. भाडेकरू एकदा आत आला की निघत नाही, ही मालकांची भीती त्या काळातली. म्हणून त्यांनी मला भाडेकरू म्हणायचंच टाळलं. कागदावर मी ‘लायसन्सी’ आहे.

पळून गेलेला बिल्डर

‘घरौंदा’ १९७७ चा. भीमसेन यांचं दिग्दर्शन, शंकर शेष यांची कथा. अमोल पालेकर आणि झरीना वहाब एकाच ऑफिसात काम करतात. लग्न करायचंय, पण त्याआधी घर हवं. तो चार-पाच जणांबरोबर एका खोलीत राहतो, ती भावाच्या भरल्या घरात. भूपिंदर आणि रूना लैला यांच्या गाण्यात ते दोघं अर्ध्या बांधलेल्या इमारतींत हिंडतात, सिमेंटच्या रिकाम्या चौकटींत संसार मांडून बघतात. आज आपण रविवारी सॅम्पल फ्लॅट बघायला जातो तेव्हा वेगळं काही करत नाही. फक्त आता तिथे कॉफी मिळते.

मग बिल्डर पैसे घेऊन गायब होतो. एक सहकारी जीव देतो. आणि सिनेमा तिथे एक धाडसी वळण घेतो. ऑफिसचा म्हातारा, आजारी मालक मुलीला मागणी घालतो, आणि तिचा प्रियकरच तिला ‘हो’ म्हणायला सांगतो. म्हातारा किती दिवस जगणार? मग पैसा आपला, घर आपलं. श्रीराम लागूंनी तो मालक खलनायक होऊ दिला नाही, त्यामुळे हिशोब करणारा प्रेमिकच हळूहळू उघडा पडत जातो. घराच्या किमतीने प्रेमाचं काय होतं, हे हिंदी सिनेमाने इतकं निष्ठुरपणे क्वचितच दाखवलंय. घर शोधता शोधता माणूस आपल्या माणसाचीच किंमत काढायला लागतो, हे त्यातलं सगळ्यात खरं निरीक्षण.

पण घर न मिळण्याचं कारण? सिनेमा म्हणतो: एक लबाड बिल्डर. इथे मी अडखळले. कारण १९७७ मध्ये फ्लॅट घेणाऱ्याच्या संरक्षणाचा कायदा नव्हता असं नाही. महाराष्ट्राचा मोफा कायदा १९६३ चाच. पुढे २०१६ चा रेरा आला, २०१७ मध्ये महारेरा सुरू झालं, आणि फसवणुकीविरुद्ध दाद मागणं पूर्वीपेक्षा सोपं झालं. चांगलंच झालं. तरी समजा तो बिल्डर प्रामाणिक निघाला असता, तर त्या दोघांना घर मिळालं असतं. त्यांच्या मागे रांगेत उभ्या असलेल्यांना? शिपायाला, मोलकरणीला, वॉर्डबॉयला? लबाडी ही टंचाईवर वाढणारी बुरशी आहे. ती खरवडून काढलीच पाहिजे, पण ओल कुठून येतेय तेही बघायला हवं.

ओल जमिनीतून येत होती. सिनेमाच्या आदल्याच वर्षी, १९७६ मध्ये, नागरी कमाल जमीन धारणा कायदा आला होता. हेतू चांगला: मोठ्या मालकांची जादा जमीन सरकारने घ्यावी आणि गरिबांसाठी घरं बांधावीत. प्रत्यक्षात मालक सवलती आणि कोर्टकचेऱ्यांत गुंतले, हाती फार थोडी जमीन आली, आणि बाकीची अडकून पडली. महाराष्ट्राने तो कायदा २००७ मध्ये रद्द केला. दुसरीकडे किती मजले चढवायचे त्यालाही टोपी होती. १९९१ च्या नियमांत मूळ एफएसआय शहरात १.३३ आणि उपनगरांत १ होता. म्हणजे हजार फुटांच्या प्लॉटवर उपनगरात हजार फूटच बांधकाम. रस्ते-पाण्यावर ताण येऊ नये हा त्यामागचा विचार. पण माणसं यायची थांबली नाहीत. ती फक्त नकाशाबाहेर राहायला लागली. २०११ च्या जनगणनेत मुंबईची सव्वा कोटी वस्ती मोजली गेली, तेव्हा त्यातले शंभरातले एकेचाळीस जण झोपडपट्टीत होते.

मग एफएसआय वाढवला की झालं? माझे इंजिनिअर मित्र असंच म्हणतात, आणि त्यात निम्मं तथ्य आहे. उरलेलं निम्मं समजायला ‘अधांतर’कडे जावं लागतं.

अधांतर

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. तो संप कधी मागे घेतलाच गेला नाही. जयंत पवारांचं ‘अधांतर’ हे त्यानंतरच्या गिरणगावातल्या धुरी कुटुंबाचं नाटक. पुढे महेश मांजरेकरांनी त्यावरून २०१० मध्ये ‘लालबाग परळ’ केला. सिनेमात गोळ्या जास्त झाडल्या जातात. नाटकात फक्त एक खोली आहे. ती खोली माणसांनी, रागाने आणि बेकारीने इतकी भरलेली आहे की प्रेक्षकालाच श्वास कमी पडतो.

पवारांनी चाळीतलं प्रेम नाकारलं नाही. त्यांनी त्याला हिशोब विचारला. आई अजूनही जेवायला वाढते, भावंडं अजूनही एकमेकांची आहेत, पण बाहेर गिरणीचा भोंगा बंद झालाय. घर तेच, खोली तीच, तरी ते घर राहत नाही, कारण त्याला शहराशी जोडणारं काम गेलं. नुसत्या चार भिंती म्हणजे घर नव्हे. कामाला जाता येईल इतक्या अंतरावरच्या चार भिंती म्हणजे घर. आपल्या सगळ्या घरगोष्टींत हे सगळ्यात स्वच्छपणे या नाटकाला दिसलंय.

आणि मग जमीन. गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन, शहराच्या अगदी मधोमध. १९९१ च्या नियमात असं होतं की गिरणी मालकाने जमीन विकायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, आणि उरलेली स्वतःला. २००१ मध्ये नियम बदलला: वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची, शेड पाडून रिकाम्या होणाऱ्या जागेची नाही. गिरणीत शेडच जास्त असतात. त्यामुळे शहराचा आणि गरिबांचा वाटा एका दुरुस्तीत आक्रसला. उच्च न्यायालयाने ते अमान्य केलं, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. आज तिथे काय उभं आहे ते लोअर परळच्या पुलावरून दिसतं. मजले भरपूर आहेत. एफएसआयची उणीव नाही. तरी गिरणी कामगाराच्या नातवाला तिथे भाड्यानेही राहता येत नाही.

घरांसाठी अर्ज केलेले गिरणी कामगार आणि त्यांचे वारस दीड लाखाच्या आसपास. घरं मिळाली काही हजारांना. उरलेल्यांपुढे अलीकडे शेलू आणि वांगणीचा पर्याय ठेवला गेला, कर्जत लाइनवर. मामाच्या चाळीतले दोन आजोबा त्या मोर्चात होते. एक म्हणाले, “आमी गिरणीत काम केला परळाक, घर वांगणीक. मदी काय, विमान?” पवार असते तर त्यांनी हे वाक्य कोणाच्या तरी तोंडी नक्की घातलं असतं.

म्हणून ‘मजले वाढवा’ हे उत्तर अर्धंच. मजले कोणाच्या जमिनीवर आणि कोणासाठी, हा दुसरा अर्धा. शहराने हातातला मोठा तुकडा सोडला, आणि सोडताना त्या बदल्यात जे घ्यायचं ठरलं होतं तेही सोडलं.

आडनाव काय?

आतापर्यंतच्या गोष्टींत एक गृहीत होतं: पैसे असले की घर मिळतं. बाबुराव बागुलांनी ते १९६३ मध्येच मोडलं होतं. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहातली त्याच नावाची कथा आपण जातीची कथा म्हणून वाचतो, आणि ती आहेच. पण या वेळी ती मला घर शोधण्याची कथा म्हणूनही दिसली. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परगावी जातो. नोकरी पक्की आहे, पगार आहे, भाडं द्यायची तयारी आहे. नाही ती फक्त सांगता येण्याजोगी जात. डोक्यावर छप्पर हवं म्हणून तो ती लपवतो, आणि उघड झाल्यावर मार खातो.

बागुलांच्या गोष्टीत घर मुंबईतलं नाही, टंचाईही मुंबईसारखी नाही. म्हणूनच ती नेमकी आहे. घरं पुरेशी असली तरी दार कोण उघडतं हा प्रश्न उरतोच, हे ती दाखवते. साठ वर्षांनी माझ्या मैत्रिणीला ब्रोकर फोनवर आधी बजेट विचारत नाही, पूर्ण नाव विचारतो. ती मुसलमान आहे. तिचं बजेट माझ्यापेक्षा जास्त आहे. चेंबूर, घाटकोपर, मुलुंड झालं, आणि शेवटी तिला जिथे ‘चालेल’ सांगितलं ते तिच्या ऑफिसपासून पावणेदोन तासांवर.

कायदा इथे मदतीला फारसा येत नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवायला परवानगी दिली. सहकार हा शब्द किती सुंदर आहे, आणि त्याची फाटकं किती घट्ट लागू शकतात. आपल्या सिनेमांनी ही फाटकं जवळजवळ दाखवलीच नाहीत. ‘घरौंदा’तल्या दोघांना कोणी आडनाव विचारत नाही, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

कागद

आणि मग पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’. २०२४ मध्ये कानला ग्रां प्री मिळाला म्हणून गाजला. मी मात्र तो छाया कदम यांच्या पार्वतीसाठी बघते. हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी विधवा. नवरा गिरणी कामगार होता. बावीस वर्षं ती ज्या खोलीत राहिली ती बिल्डरला हवी आहे, आणि तिच्याकडे एकही कागद नाही. नवऱ्याने तिला कधी काही सांगितलंच नाही. मैत्रीण तिला वकिलाकडे नेते. कागद नसतील तर तुम्ही इथे राहत होता हे सिद्ध कसं करणार?

आपल्या सगळ्या घरगोष्टींत जे दिसत नव्हतं ते इथे दिसलं. घर म्हणजे भिंती, प्रेम, शेजार हे सगळं खरं, पण शहराच्या लेखी घर म्हणजे कागद. आणि तो बहुतेक वेळा पुरुषाच्या नावावर असतो. कपाडिया हे ओरडून सांगत नाहीत. पार्वती पेटीत हात घालते, शोधते, थांबते, एवढंच. दोघी मैत्रिणी रात्री बिल्डरच्या जाहिरातीवर दगड मारतात, तेव्हा थिएटरात टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

तक्रार एकच, आणि ती छोटी नाही. पार्वती कोकणात गावी परत जाते, आणि सिनेमाला तिथे प्रकाश सापडतो. समुद्र, मोकळं आकाश, मुंबईत न मिळालेला एकांत. सिनेमा म्हणून हा भाग सुंदर आहे. पण ‘मुंबईचा जावई’त मायेने जे केलं, ते इथे गाव करतं. प्रश्नाला वाट मिळते, उत्तर मिळत नाही. ज्यांना गावी घर आहे त्यांच्यासाठी ठीक. बागुलांचा तरुण कुठल्या गावी परत जाणार होता?

मग शहराने काय करावं?

एवढं सगळं बघून मामाच्या बेचाळीस पानांकडे परत आले. त्याला मिळणार चारशे पाच चौरस फूट, फुकट. मामाचा पहिला प्रश्न: “फुकट कसा देतंत?”

फुकट देत नाहीत. बिल्डरला जादा एफएसआय मिळतो, त्यावर विकायचे फ्लॅट उभे राहतात, आणि त्या विक्रीतून मामाचं घर निघतं. १९९५ पासूनची झोपडपट्टी पुनर्वसन योजनाही अशीच चालते. घराचा आकार २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि मग ३०० पर्यंत वाढला, हिशोब तोच राहिला. सरकारचा पैसा जात नाही म्हणून सगळे खूश. पण याचा अर्थ नीट बघा: गरिबाला घर मिळण्यासाठी शेजारचं घर महाग विकलं गेलं पाहिजे. किमती पडल्या की काम थांबतं, ट्रान्झिटचं भाडं थांबतं, आणि माणसं वर्षानुवर्षं अधांतरी. मामासाठी किमती चढ्या राहायला हव्यात, माझ्यासाठी उतरायला हव्यात. एकाच कुटुंबात आम्ही बाजाराच्या दोन टोकांना उभे आहोत, आणि हे कोणा लबाड माणसाने केलेलं नाही. योजनेचा आराखडाच तसा आहे.

दुसऱ्या शहरांनी वेगळं काय केलं? व्हिएन्नाने पहिल्या महायुद्धानंतर १९२३ मध्ये घरांवर चढता कर लावला, अलिशान घराला जास्त, लहानाला नगण्य, आणि १९३४ पर्यंत साठ हजारांच्या आसपास भाड्याची घरं बांधली. आजही तिथले निम्मे लोक महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात, त्यात शिक्षक आहेत, नर्स आहेत. सिंगापूरने १९६० मध्ये एचडीबी स्थापन केलं, जमीन सक्तीने ताब्यात घेतली, आणि आता दहातले जवळजवळ आठ रहिवासी सरकारी घरांत आहेत. दोन्हींची किंमत आहे, सिंगापूरची तर नागरिकाच्या हक्कांत मोजावी लागते. पण धडा एकच: जमीन शहराच्या हातात असली तरच घराची किंमत शहराच्या हातात राहते.

आपल्यालाही हे कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ मासिकात खाडीपलीकडे नवं शहर मांडलं. कल्पना अशी की नोकऱ्या आणि सरकारी कचेऱ्याही तिकडे जाव्यात, म्हणजे दक्षिण मुंबईवरचा भार हलेल. १९७० मध्ये सिडको निघालं, नवी मुंबई झाली. सरकार मात्र मंत्रालयातच राहिलं आणि नरिमन पॉइंटला भराव टाकून ऑफिसं उभी राहिली. घरं एकीकडे, काम दुसरीकडे. ‘अधांतर’चाच मुद्दा, फक्त नकाशावर.

मला शहराकडून काय हवंय ते सांगते. उरलेली सार्वजनिक जमीन विकू नये, तिच्यावर भाड्याची घरं बांधावीत. बीडीडीसारखा पुनर्विकास म्हाडाने स्वतः करायला घेतला, तसा तो आणखी ठिकाणी व्हावा. गुंतवणूक म्हणून कुलूप लावून ठेवलेल्या घरांवर कर बसावा. भाडेकरूला अकरा महिन्यांहून लांब मुदत आणि मालकाला महागाईप्रमाणे वाढ, असा करार शक्य व्हावा, कारण १९४० मध्ये अडकलेलं भाडं आणि दर वर्षी हाकलणारं भाडं, दोन्ही टोकं वाईट. आडनाव विचारून दार लावणाऱ्या सोसायटीला दंड व्हावा. आणि मजले वाढवताना रेल्वे आणि पाणी आधी वाढावं.

मामाच्या करारात मी तीन ठिकाणी खुणा केल्या. ट्रान्झिटचं भाडं किती महिन्यांचं आगाऊ जमा होणार, ते लिहिलेलं नव्हतं. ताबा कधी देणार, त्याच्यापुढे तारीख नव्हती. आणि चाळीसाव्या पानावर फक्त मामाचं नाव होतं.

मी म्हटलं, “मामीचं नाव घाल.”

मामा म्हणाला, “तिका कशाक? ती खय जाता?”

मी त्याला फोनवर पार्वतीची गोष्ट सांगितली. वकिलाची, पेटीची, बावीस वर्षांची. सिनेमाची गोष्ट सांगतेय असं म्हटलं नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मागे मामीचा आवाज आला, “कोणाचा गो ह्या?”

दोन दिवसांनी त्याने समितीच्या मीटिंगमध्ये विचारलं. तिथे सांगण्यात आलं की एकाचं नाव पुरतं. मामाने सही केलेली नाही. चाळीतल्या आणखी चार घरांनीही केलेली नाही, कारण मामीने ती गोष्ट गॅलरीत सांगितली. बाकीचे त्यांच्यावर चिडलेत, काम लांबतंय म्हणून. त्यांचंही खोटं नाही, जिन्याचे बांबू मी बघितलेत आणि पाऊस तोंडावर आहे.

आम्हाला तिघींना घर मिळालं, कळव्याला. भाडं कमी आहे, लोकल लांब आहे. करार अकरा महिन्यांचा.